मत गव्हर्नरसाठी, मग कौल राष्ट्राध्यक्षांवर का?

३ नोव्हेंबर २०२६ रोजी अमेरिकेतली ३६ राज्यं आपापले गव्हर्नर निवडणार आहेत. कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय, मिशिगन, जॉर्जिया, पेनसिल्व्हेनिया, ओहायो अशी मराठी कुटुंबं ठिकठिकाणी स्थिरावलेली राज्यं त्यात आहेत. न्यू जर्सी आणि व्हर्जिनियाचं मतदान २०२५ मध्येच उरकलं. एवढी मोठी निवडणूक तोंडावर आली आहे, पण तिची चर्चा ऐकायला बसावं तर या राज्यांच्या कारभाराबद्दल कानावर फारसं काही पडत नाही. ट्रम्प यांची लोकप्रियता किती उरली, लाट लाल (रिपब्लिकन) की निळी (डेमोक्रॅट), २०२८ च्या शर्यतीत कोणाचं पारडं जड होणार, हेच दळण सगळीकडे चालू असतं.

मला ही चर्चा नुसती अपुरी वाटत नाही, घातक वाटते. राष्ट्राध्यक्षांवरचा राग किंवा लोभ गव्हर्नरच्या रकान्यात नोंदवला की राज्याचा कारभारी निवडण्याची संधी चार वर्षांसाठी हातची जाते. पुढे रस्ता, वीज, शाळा, दवाखाना यांबाबत कुरकुर करायची वेळ येते, तेव्हा आपण त्या माणसाला हे प्रश्न कधी विचारलेच नव्हते हे ध्यानात येतं.

भारतातल्या वाचकांनी इथे महाराष्ट्राचे राज्यपाल डोळ्यांसमोर आणू नयेत. अमेरिकेतला गव्हर्नर कामाने आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. मात्र तो थेट लोकांच्या मतांनी येतो आणि विधिमंडळात बहुमत नसलं म्हणून त्याची खुर्ची जात नाही. आपल्याकडेही राज्यपाल लोकांनी निवडावा असा विचार एकदा झाला होता. १९४७ मध्ये सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालच्या प्रांतिक घटना समितीने प्रौढ मतदानाने राज्यपाल निवडण्याची शिफारस केली आणि संविधान सभेने ती मानलीही. १९४९ च्या मे अखेरीस निर्णय फिरला. एकाच राज्यात जनतेने निवडलेला राज्यपाल आणि जनतेने निवडलेलं मंत्रिमंडळ समोरासमोर उभे ठाकतील, ही त्यामागची मोठी भीती होती आणि ती रास्त होती. पण नेमलेल्या राज्यपालाचा निर्णय चुकला तर सामान्य मतदार काहीच करू शकत नाही. २०२२ च्या सत्तांतरात महाराष्ट्राच्या तत्कालीन राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली. ते समर्थनीय नव्हतं असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं, तोवर सगळं होऊन गेलं होतं. अमेरिकेतल्या मतदाराला गव्हर्नर चुकला तर चार वर्षांनी, व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशरमध्ये तर दोनच वर्षांनी, त्याला घरी बसवता येतं. ज्यांच्या वाट्याला हा हक्क आला आहे त्यांनी तो दुसऱ्याच कोणाला धडा शिकवण्यासाठी खर्च करावा, याचं मला फार वाईट वाटतं.

मी न्यू जर्सीत राहतो. मेट्रोपार्कवरून सकाळची ट्रेन पकडून मॅनहॅटनला जाणाऱ्या गर्दीत आपली माणसं किती असतात हे सांगायला नको. एडिसन, इसेलिन, वुडब्रिज इथली निम्मी ओळख त्या फलाटावरच होते. हडसन नदीच्या पोटातून ही ट्रेन ज्या बोगद्यातून जाते, तो १९१० साली सुरू झाला. जायला एक नळी, यायला एक नळी, तिसरी नाही. २०१२ च्या सँडी वादळात दोन्हींत खारं पाणी शिरलं आणि त्या पाण्यातल्या क्षारांनी काँक्रीट आणि तारा आजही पोखरल्या जात आहेत. मोठ्या दुरुस्तीसाठी एक नळी बंद ठेवली तर गर्दीच्या वेळी तासाला २४ ऐवजी सुमारे सहा गाड्या सुटतील. सकाळी सिग्नल बिघडल्याची घोषणा झाली की फलाटावरचे सगळे चेहरे एकदम फोनमध्ये जातात. साडेनऊची मीटिंग पुढे ढकलायची असते, किंवा शाळेतून मुलाला आणायला दुसऱ्या कोणाला तरी पाठवायचं असतं.

नदीखालून दोन नव्या नळ्या काढण्याचं काम २००९ मध्ये सुरू झालं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यू जर्सीने रिपब्लिकन क्रिस क्रिस्टी यांना गव्हर्नर म्हणून निवडलं. त्या रात्री आणि पुढचे कित्येक दिवस या निकालाचा अर्थ एकच लावला गेला: डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ओबामांना चपराक. वर्षभरात, ऑक्टोबर २०१० मध्ये, क्रिस्टी यांनी बोगद्याचं काम थांबवलं. खर्चाचा अंदाज ८७० कोटी डॉलरवरून बराच वर जाणार आणि वाढीव बोजा राज्यावर पडणार, हे त्यांचं कारण होतं. कारण अगदीच पोकळ नव्हतं. पण राज्याच्या वाट्याचा बराचसा पैसा मग रस्त्यांच्या निधीकडे वळला आणि पेट्रोलवरचा कर वाढवणं तेवढ्यापुरतं टळलं. २०१६ मध्ये त्याच गव्हर्नरच्या सहीने तो कर गॅलनमागे २३ सेंटने वाढलाच. रद्द झालेला बोगदा २०१८ मध्ये खुला व्हायचा होता. त्याच्या जागी आता सुमारे १,६०० कोटी डॉलरचा नवा प्रकल्प सुरू आहे आणि तो पुरा व्हायला २०३० नंतरची वर्षं उजाडतील.

२००९ मध्ये ज्यांनी ओबामांना चपराक म्हणून मत दिलं, त्यांच्या मताचा ओबामांवर काय परिणाम झाला? ते २०१२ मध्ये पुन्हा निवडून आले, दोन कारकिर्दी पूर्ण करून निवृत्त झाले. त्या मतामुळे मार्ग बदलला तो न्यू जर्सीच्या लोकलचा. त्या प्रचारात बोगद्याचा प्रश्न उमेदवारांना खडसावून विचारला गेला असता तर निकाल कदाचित तोच लागला असता, पण क्रिस्टी यांना शब्द देऊन यावं लागलं असतं आणि तो मोडणं सोपं गेलं नसतं.

राज्यांच्या निवडणुका राष्ट्राध्यक्षांच्या सावलीतून बाहेर काढायचा विचार अमेरिकेत जुना आहे. ३६ राज्यं नेमकी या वर्षात मतदान करतात यामागे थोडा इतिहास आहे. फ्लोरिडाने १९६४ मध्ये दोनच वर्षांसाठी गव्हर्नर निवडला आणि पुढची निवडणूक १९६६ मध्ये घेतली, जेणेकरून ती राष्ट्राध्यक्षांच्या वर्षात पडू नये. इलिनॉयने १९७६ आणि १९७८ मध्ये तेच केलं. राज्याचे प्रश्न लोकांनी स्वतंत्रपणे तोलावेत यासाठी एका पिढीने तारखा हलवल्या, एका गव्हर्नरची कारकीर्द निम्मी केली. आज तारीख वेगळी आहे, पण मनं पुन्हा वॉशिंग्टनलाच खिळलेली आहेत. टीव्ही आणि फोनमुळे स्थानिक बातमी मागे पडली. गावातली वर्तमानपत्रं बंद पडत गेली, मग राज्याच्या राजधानीत काय शिजतंय हे सांगणारा वार्ताहर उरला नाही.

लाइटबिलाचं घ्या. आमच्या राज्यात १ जून २०२५ पासून घरगुती बिलं साधारण १७ ते २० टक्क्यांनी वाढली. उन्हाळ्यात एसी लावणाऱ्या प्रत्येक घरात हा विषय निघाला, मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोलरवाल्यांचे नंबर फिरू लागले. ही वाढ वॉशिंग्टनमध्ये ठरली नव्हती. पीजेएम नावाची संस्था न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, ओहायो यांच्यासह १३ राज्यांचं आणि राजधानीचं वीजजाळं सांभाळते. कडक मागणीच्या दिवशी पुरेशी वीज मिळावी म्हणून ती वीजनिर्मात्यांची क्षमता लिलावाने आधीच राखून ठेवते. २०२४ च्या जुलैमधल्या लिलावात हा दर मेगावॉटला दिवसाला २८.९२ डॉलरवरून एकदम २६९.९२ डॉलरवर गेला. डेटा सेंटरांची मागणी वाढली, जुनी वीजकेंद्रं बंद होत गेली आणि नव्या प्रकल्पांना जाळ्याशी जोडून घेण्याची रांग वर्षानुवर्षं हललीच नाही. वर्षभराने त्याचा चटका घरच्या बिलात बसला.

इथे एका गव्हर्नरने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. पेनसिल्व्हेनियाचे जॉश शपिरो यांनी डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ऊर्जा नियामकाकडे पीजेएमविरुद्ध तक्रार नेली. तडजोडीत पुढच्या दोन लिलावांवर दराची कमाल मर्यादा आली. २०२५ च्या जुलैमधला लिलाव त्या मर्यादेलाच, ३२९.१७ डॉलरला, जाऊन टेकला. म्हणजे मर्यादा नसती तर दर आणखी वर गेला असता. जानेवारी २०२६ मध्ये तर ट्रम्प यांचं प्रशासन आणि या पट्ट्यातले दोन्ही पक्षांचे गव्हर्नर एकाच मागणीवर एकत्र आले: डेटा सेंटरांसाठी लागणाऱ्या नव्या विजेचा खर्च ती वीज वापरणाऱ्यांनीच सोसावा. शपिरो डेमोक्रॅट आहेत, यंदा पुन्हा मतदारांसमोर आहेत. त्यांना मत द्या असं मी म्हणत नाही. दरमर्यादेने नव्या वीजकेंद्रांत पैसे गुंतवणारे बिचकतात, असा आक्षेप आहे आणि तो त्यांच्या विरोधकांनी जरूर मांडावा. पण वाद व्हायचा तर असा व्हावा. ‘ट्रम्पना विरोध किती’ या फूटपट्टीने मोजलं तर शपिरो यांचं हे काम दिसतही नाही आणि त्यातली खोटही दिसत नाही.

न्यू जर्सीत मिकी शेरिल २०२५ मध्ये जिंकल्या. प्रचारात त्यांनी ट्रम्प यांचं नाव भरपूर घेतलं हे खरं, पण त्यांचं सर्वांच्या लक्षात राहिलेलं आश्वासन वीजदरांबाबत आणीबाणी जाहीर करून ते गोठवण्याचं होतं. आमच्या वीज नियामक मंडळावरचे सदस्य गव्हर्नरच नेमतो, त्यामुळे या आश्वासनाचा जाब आता थेट त्यांनाच विचारता येईल. जॉर्जियात वीजदर ठरवणाऱ्या आयोगाच्या सदस्यांना लोकच निवडतात. तिथे त्याच दिवशी दोन जागा डेमोक्रॅट्सनी जिंकल्या. केंद्राच्या जागा सोडल्या तर राज्यभराच्या मतदानातून मिळणारं पद त्या पक्षाला २००६ नंतर पहिल्यांदाच मिळालं. लाइटबिल हातात धरून मतदान केलं की असा फरक पडतो.

गव्हर्नरच्या सहीत किती ताकद असते, याचा विस्कॉन्सिनमधला नमुना विलक्षण आहे. तिथल्या गव्हर्नरला अर्थसंकल्पाच्या विधेयकातला एखादा भाग खोडण्याचा अधिकार आहे. पूर्वीचे गव्हर्नर अक्षरं खोडून नवे शब्द तयार करत, वाक्यांचे तुकडे जोडून नवीच वाक्यं बनवत. मतदारांनी १९९० आणि २००८ मध्ये घटनादुरुस्ती करून ते बंद केलं. आकड्यांबद्दल मात्र कोणी काही म्हटलं नव्हतं. २०२३ मध्ये विधिमंडळाने २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन शालेय वर्षांसाठी विद्यार्थ्यामागे ३२५ डॉलर जास्त उभे करण्याची मुभा शाळांना दिली. गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी मधले काही शब्द, एक ‘२०’ आणि एक संयोगचिन्ह खोडलं. मागे काय राहिलं? २०२३ ते २४२५. दोन वर्षांची मुभा चारशे वर्षांची झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी ते वैध ठरवलं.

शाळांना दरवर्षी हमखास वाढ मिळावी असं मलाही वाटतं. पण ही मुभा आहे, पैसा नव्हे. राज्याने त्या प्रमाणात अनुदान वाढवलं नाही तर फरक घरमालकांच्या मालमत्ता करातून वसूल होतो. एव्हर्स यंदा उभे नाहीत. नव्या गव्हर्नरला हा वारसा सांभाळायचा की विधिमंडळाशी बोलून बदलायचा, हे ठरवावं लागेल. विस्कॉन्सिनच्या उमेदवारांना आधी हे विचारलं पाहिजे, आणि त्याचं उत्तर लाल किंवा निळ्या रंगात सापडणार नाही.

सगळ्यांत तातडीची गोष्ट पुढच्या जानेवारीची. ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या कायद्यानुसार, मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, विस्तार केलेल्या राज्यांत १९ ते ६४ वयाच्या अनेक लाभार्थ्यांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा स्वयंसेवा केल्याचं दाखवावं लागेल. १ जानेवारी २०२७ पर्यंत ही व्यवस्था राज्यांनी उभी करायची आहे. म्हणजे नवे गव्हर्नर शपथ घेत असतील त्याच सुमारास. कायदा वॉशिंग्टनचा, पण अर्ज कसा असेल, फोनवरून भरता येईल का, कागद कमी पडला तर माणसाला किती दिवस मिळतील, हे राज्याचं खातं ठरवणार. आर्कान्सासने २०१८ मध्ये असाच नियम लावला तेव्हा न्यायालयाने थांबवेपर्यंत काही महिन्यांत १८ हजारांहून अधिक लोकांचं विमाछत्र गेलं. त्यांतले कित्येक काम करतच होते. त्याची नोंद दर महिन्याला कशी करायची, हे त्यांना कळलं नाही किंवा जमलं नाही. उद्या दोन राज्यांत एकच कायदा असेल आणि एका राज्यात गरीब माणूस डॉक्टरकडे जाऊ शकेल, दुसऱ्यात नाही, असं घडू शकतं. तो फरक गव्हर्नरने नेमलेल्या माणसांच्या कामाचा असेल. याच कायद्यात खासगी शाळांच्या शिष्यवृत्त्यांना देणगी देणाऱ्यांसाठी केंद्राची करसवलतही आहे. ती २०२७ पासून लागू होईल, पण ज्या राज्यांनी सहभागी व्हायचं ठरवलं तिथल्याच शाळांना तिचा फायदा मिळेल. तिथेही पेन गव्हर्नरच्या हातात असणार.

यावर एक जोरदार आक्षेप येतो आणि तो मला टाळायचा नाही. जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरचा विरोध डावलून त्या राज्याचं नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव लष्करी दल, लॉस एंजेलिसमध्ये उतरवलं. राष्ट्राध्यक्षांच्या आग्रहाखातर टेक्सासने दशकाच्या मध्येच मतदारसंघांचे नकाशे बदलले आणि त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर २०२५ मध्ये लोकांची मंजुरी घेऊन आपले बदलले. २०२२ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीत राज्याचा निकाल प्रमाणित करून पाठवण्याची जबाबदारी बहुतांश ठिकाणी गव्हर्नरवर आहे. यंदा चार वर्षांसाठी निवडून येणारे गव्हर्नरच २०२८ मध्ये त्या कागदावर सही करतील. मग वॉशिंग्टन बाजूला ठेवा म्हणणं भाबडेपणाचं नाही का?

वॉशिंग्टन राज्यात घुसत असेल तर त्याला कसं तोंड द्यायचं, हेही राज्याच्या कारभाराचंच काम आहे. ते बाजूला ठेवा असं मी म्हणणार नाही. पण ‘मी ट्रम्पशी लढेन’ आणि ‘मी ट्रम्पसोबत उभा राहीन’ या दोन्ही घोषणांमधून मतदाराला काहीच कळत नाही. कोणत्या कायद्याच्या आधारे, कोणत्या न्यायालयात, कोणत्या पैशाने लढणार? सोबत उभं राहून राज्यासाठी नेमकं काय आणणार? निर्वाणीच्या क्षणी माणूस कसा वागेल हे पक्षाच्या चिन्हावरून कळत नाही, हे जॉर्जियाने २०२० मध्ये दाखवलं. गव्हर्नर ब्रायन केम्प रिपब्लिकन होते, राष्ट्राध्यक्ष त्यांच्याच पक्षाचे होते, दबाव प्रचंड होता. तरी त्यांनी बायडन यांच्या विजयाच्या कागदावर सही केली. त्यांची मुदत संपते आहे, जॉर्जिया यंदा त्यांचा वारस निवडणार आहे. त्या जागी कोण बसणार हे ठरवताना मला उमेदवारांच्या जाहीरनाम्यापेक्षा केम्प यांच्या त्या सहीची आठवण जास्त मोलाची वाटते.

आणि मतदारांना हा विवेक जमतो, याची उदाहरणं आहेत. केंटकी हे राज्य ट्रम्प यांना भरभरून मतं देतं. तिथे अँडी बशीर हे डेमोक्रॅट २०१९ मध्ये थोडक्यात निवडून आले आणि २०२३ मध्ये त्याहून सहज. मधल्या काळात डिसेंबर २०२१ ची टोर्नेडो वादळं आणि जुलै २०२२ चा पूर येऊन गेला होता, त्या वेळी गव्हर्नर कसा धावला ते लोकांनी पाहिलं होतं. व्हरमाँटमध्ये उलट. राष्ट्राध्यक्षपदासाठी २०२४ मध्ये त्या राज्याने कमला हॅरिस यांना मोठं मताधिक्य दिलं आणि त्याच मतपत्रिकेवर रिपब्लिकन गव्हर्नर फिल स्कॉट यांना सत्तर टक्क्यांहून अधिक मतं दिली. अशी राज्यं कमी होत चालली आहेत. ती लहान आहेत, लोक गव्हर्नरला दुकानात भेटतात, हेही कारण असेल. पण ओहायो किंवा मिशिगनच्या मतदाराला हे अशक्य आहे असं मला वाटत नाही.

मिशिगनचं नाव निघालं की मराठी माणसाला श्री ठाणेदार आठवतात. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला हा माणूस २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, उतरला. पदरचे सुमारे एक कोटी डॉलर घातले आणि तिसरा आला. ती प्रायमरी ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या आणि त्यांची दुसरी कारकीर्द आता संपते आहे. ठाणेदार पुढे राज्याच्या विधिमंडळात आणि २०२२ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले. ओहायोत यंदा रिपब्लिकन बाजूने विवेक रामस्वामी मैदानात आहेत, डेमोक्रॅटिक बाजूने डॉ. ॲमी ॲक्टन. लुइझियानाचे बॉबी जिंदाल आणि साउथ कॅरोलायनाच्या निकी हेली यांच्यानंतर भारतीय वंशाचा आणखी एक गव्हर्नर होणार का, याची आपल्या लोकांत उत्सुकता आहे. ती मी समजू शकतो. पण आडनाव ओळखीचं वाटलं म्हणून मत, किंवा ते आडनाव ट्रम्प यांच्या बाजूला आहे म्हणून विरोध, या दोन्हींतून ओहायोतल्या घरमालकाच्या हाती काही लागत नाही. तिथे मालमत्ता कराने लोक हैराण आहेत. रामस्वामी कर मोठ्या प्रमाणात कमी करू म्हणतात. मग शाळा आणि अग्निशमन दलाचा खर्च कशातून भागवणार? ॲक्टन कोविडच्या सुरुवातीला राज्याच्या आरोग्य संचालक होत्या. १७ मार्च २०२० चं मतदान त्यांच्या आदेशाने आदल्या रात्री थांबलं. असा अधिकार पुन्हा हाती आला तर त्या तो कसा वापरतील? दोघांपैकी कोणीही आजवर निवडून आलेलं पद सांभाळलेलं नाही, त्यामुळे हे विचारणं आणखी गरजेचं आहे.

आपल्यातल्या पुष्कळांना मतदानाचा हक्कच नाही, ते ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत. त्यांना वाटतं, राज्याच्या निवडणुकीशी आपला काय संबंध. ऑक्टोबर २०२५ मध्ये फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी सरकारी विद्यापीठांना एच-१बी व्हिसावरची भरती थांबवायला सांगितलं. जानेवारी २०२६ मध्ये टेक्सासचे ग्रेग ॲबट यांनी राज्याच्या संस्था आणि सरकारी विद्यापीठांचे नवे एच-१बी अर्ज ३१ मे २०२७ पर्यंत गोठवले. व्हिसा हा केंद्राचा विषय, असं आपण धरून चाललो होतो. ह्यूस्टन किंवा ऑस्टिनच्या प्रयोगशाळेत पोस्ट-डॉक करणाऱ्या पुण्याच्या मुलीची पुढची नोकरी मात्र राज्याच्या राजधानीतून निघालेल्या एका पत्राने अडली. एच-४ वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर, वाढलेल्या मुलाला राज्याच्या कॉलेजात स्थानिक फी लागेल की बाहेरच्यांची कितीतरी जास्त, हेही राज्यागणिक बदलतं. ॲबट यंदा चौथ्यांदा निवडून द्या म्हणत आहेत. टेक्सासमधले जे मराठी नागरिक मत देऊ शकतात, त्यांच्या मतावर शेजारच्या घरातल्या मत नसलेल्यांचंही बरंच काही अवलंबून आहे.

मंडळात राजकारण नको, असं आपल्याकडे आवर्जून म्हटलं जातं. करसवलत असलेल्या संस्थेने उमेदवाराचा प्रचार करायचा नाही, हा कायदा आहेच आणि तो योग्य आहे. पण सर्व उमेदवारांना सारखं बोलावून त्यांच्याशी खुली प्रश्नोत्तरं घडवणं, मतदार नोंदणीचं टेबल लावणं, याला कायद्याची आडकाठी नाही. पक्षपात तेवढा होता कामा नये. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. दिवाळी ८ नोव्हेंबरला, म्हणजे मतदान होऊन गेल्यावर. अनेक राज्यांत नोंदणीची मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच संपते. तेव्हा नव्याने नागरिक झालेली, घर बदललेली आणि नुकतीच अठरा वर्षांची झालेली आपली मुलं ज्या एका गर्दीत हमखास भेटतील, ती गणपतीची. तिथे महाप्रसादाच्या रांगेशेजारी एक टेबल, दोन स्वयंसेवक आणि त्या राज्याच्या नोंदणीची लिंक एवढी तयारी पुरते. उमेदवार आलेच तर वीज, मालमत्ता कर, मेडिकेडचे अर्ज, विद्यापीठातली भरती, यांतलं एकेक काढून त्यांना विचारायचं: पहिल्या वर्षी तुम्ही नेमकं काय करणार, त्याला पैसा कुठून येणार आणि विधिमंडळाने नाही म्हटलं तर पुढे काय?